मत्तयाच्या घरची पंगत

सप्टेंबर उजाडला, की आमच्या धर्मग्रामाच्या हिशेबाची बाडे पिशवीत घालून मला लेखापरीक्षकांच्या कार्यालयाचा जिना चढावा लागतो. धर्मगुरूचा संबंध केवळ परलोकीच्या हिशेबाशी असतो, अशी एक भाबडी समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. मेणबत्त्यांच्या पेटीतील सुटे पैसे, सणाची वर्गणी, दफनभूमीच्या कुंपणाचा खर्च, घंटेच्या दोराचे बिल, या साऱ्यांची नोंद ठेवावी लागते. सार्वजनिक न्यासाने मार्चअखेरीनंतर सहा महिन्यांच्या आत हिशेब तपासून घ्यावेत, असा आपल्या राज्याचा १९५० चा न्यास कायदा सांगतो. आयकरातील सवलत टिकवायची, तर उत्पन्नाचा ८५ टक्के भाग न्यासाच्या उद्दिष्टांवर खर्ची पडल्याचे दाखवावे लागते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, ख्रिस्तसभेचा कायदाही शिकलो; ताळेबंद कसा वाचावा, हे मात्र कोणी शिकवले नाही. ते मी या कार्यालयातील लाकडी बाकावर बसून थोडेथोडे शिकलो. त्या बाकावर आणखी एक गोष्ट शिकलो, ती सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

गोष्ट २२ सप्टेंबर २०२५ ची. सोमवार होता, घटस्थापनेचा दिवस. नवरात्रात दर दिवशी ठरलेल्या रंगाची वस्त्रे नेसण्याची पद्धत आता कार्यालयांतून सर्रास रूढ झाली आहे. त्या दिवसाचा रंग पांढरा होता. कार्यालयातील मुली पांढऱ्या कुडत्यांत, मुले पांढऱ्या सदऱ्यांत. अशात मी माझा नेहमीचा पांढरा झगा घालून दारात उभा राहिलो. क्षणभर शांतता पसरली आणि मग कोपऱ्यातून आवाज आला, "बघा, फादरांनीसुद्धा आजचा रंग पाळला!"

सारे हसले. मीही हसलो. लेखापरीक्षक साहेब काचेच्या खोलीतून डोके बाहेर काढून म्हणाले, "फादर, बसा. दहा मिनिटं." त्या कार्यालयातील दहा मिनिटे म्हणजे पेत्राच्या पत्रातील दिवसासारखी असतात, त्यांची तुलना मानवी घड्याळाशी करू नये. मी बसलो, तो दीड वाजेपर्यंत.

एरवी मी अशा वेळी जपमाळ काढतो. त्या दिवशी ती खिशातच राहिली, कारण कानांवर पडणारे संभाषण मोठे रंजक होते. लेखापरीक्षक साहेब, त्यांचे दोन भागीदार, आर्टिकलशिप करणारी पाच-सहा मुले-मुली आणि या सर्वांच्या मधोमध टेबल मांडून बसलेले, सत्तरीकडे झुकलेले एक कर-सल्लागार. त्यांना सगळे 'काका' म्हणत. निवृत्त शिक्षक आणि लहान पगारदार यांची विवरणपत्रे भरण्याचे काम काका गेली चाळीस वर्षे करीत आले आहेत.

ही मंडळी नुकतीच एका रणातून बाहेर पडली होती. त्या वर्षी विवरणपत्राची ३१ जुलैची मुदत आधी १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली गेली होती. १५ तारखेच्या रात्री, सगळे शेवटच्या घाईत असताना, मुदत आणखी एका दिवसाने वाढल्याची घोषणा झाली. त्या रात्रीची आठवण निघाली. एक मुलगा म्हणाला, "फाशीच्या कैद्याला विचारलं, शेवटची इच्छा काय? तो म्हणाला, तारीख वाढवा. वाढवली. एक दिवस!" दुसरा म्हणाला, "एका दिवसाचं काही नाही रे, मी आईला फोन करून सांगितलं होतं, संपलं, घरी येतोय. तिनं तांदळाची खीर केली. ती खीर वडिलांनी खाल्ली." यावर तिसऱ्याने खीर कोणत्या कलमाखाली वजा होईल, असे गंभीरपणे विचारले.

त्यात भर म्हणजे, नेमक्या त्याच सोमवारी वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले होते. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे मोडीत काढून बहुतेक वस्तूंसाठी ५ आणि १८ असे दोन मुख्य दर ठेवले गेले. बाजारपेठेतील दुकानदारांचे फोन अखंड वाजत होते. काका म्हणाले, "हा कर आला १ जुलै २०१७ ला. आणि १ जुलै म्हणजे सनदी लेखापालांच्या संस्थेचा वाढदिवस, १९४९ सालापासूनचा. वाढदिवसाला सरकारनं असा अहेर दिला, की इतकी वर्षं झाली, अजून आम्ही त्याचा कागदच सोडवतोय."

मग 'पिशवीवाल्यां'चा विषय निघाला. वर्षभर न फिरकणारे आणि शेवटच्या दिवशी रात्री नऊ वाजता प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी करून "माझं काही नाही, दोन मिनिटांचं काम आहे" म्हणणारे ते पिशवीवाले. त्या पिशवीत विजेची बिले असतात, विम्याच्या पावत्या असतात, डॉक्टरांची चिठ्ठी असते. एकदा लग्नाची पत्रिका निघाली. तिच्या मागे व्याजाचा आकडा लिहिला होता, म्हणून ती मुकाट्याने फाइलला लावावी लागली.

मी गालातल्या गालात हसत होतो. इतक्यात एका मुलाने फोन ठेवला आणि हताशपणे जाहीर केले, "आणखी एक फादर केस!"

हशा पिकला, आणि अर्ध्यातच विझला. कोणाच्या तरी लक्षात आले होते, की साक्षात फादर बाकावर बसले आहेत.

मी विचारले, "ही फादर केस म्हणजे काय?"

कोणी बोलेना. अखेर आमच्याच धर्मग्रामातील एक मुलगी, जी तेथे आर्टिकलशिप करते, लाल होत म्हणाली, "फादर, तुम्ही रागावणार नसाल तर सांगते." आणि तिने सांगितले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या एका वृद्ध भगिनीला कोणा भामट्याने फोनवरून फसवले होते. त्यानंतर रविवारच्या मिस्सात मी वेदीवरून बजावले होते, की मोबाइलवर येणारा ओटीपी कोणालाही सांगू नका, अगदी सख्ख्या भावालाही सांगू नका. माझी प्रवचने कोण किती ऐकतो, याविषयी मला नेहमीच शंका असते. पण हे एक वाक्य सगळ्या धर्मग्रामाने काळजात कोरून ठेवले. आयकराचे विवरणपत्र भरल्यावर ते आधारच्या ओटीपीने प्रमाणित करावे लागते. कार्यालयातून फोन गेला, "आजी, आता एक ओटीपी येईल, तो सांगा." आजी म्हणाली, "फादरांनी सांगितलंय, सख्ख्या भावालाही सांगायचा नाही. तू माझा कोण?" ओटीपीची मुदत संपली. पुन्हा पाठवला, पुन्हा संपला. एका आजोबांनी तर पोलिसांत तक्रार करण्याची धमकी दिली. शेवटी ही मुलगी संध्याकाळी घरोघरी जाऊन, स्वतःचा चेहरा दाखवून ओटीपी गोळा करून आली. तेव्हापासून ओटीपी न देणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, या कार्यालयात 'फादर केस' असे नाव पडले.

मी हसलो. मोठ्याने हसलो. पण खरे सांगायचे, तर आत कुठेतरी टोचले. पन्नाशी ओलांडलेल्या, झगा घातलेल्या माणसाला आपल्या पाठीमागे आपले नाव हशाचा विषय झालेले आहे, हे कळणे सुखाचे नसते. चहा आला. काका आपला पेला घेऊन माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा.

"फादर, मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "आम्ही हसतो म्हणून टिकतो. पूर्वी तर रांगेत हसायचो."

आणि काकांनी जुनी हकिकत सांगितली. कागदी विवरणपत्रांच्या काळात, ३१ जुलैला, भर पावसात, आयकर कार्यालयाच्या खिडकीपुढे सगळ्या कर-सल्लागारांची रांग लागे. कागद भिजू नयेत म्हणून ते दुधाच्या मोठ्या पिशव्यांत घातलेले. एकाने दुसऱ्याची जागा राखायची, एकाकडे टाचण्या तर दुसऱ्याकडे डिंक. पोचपावतीवर शिक्का पडला, की त्याचा 'ठप्प' असा आवाज होई आणि मागून कोणीतरी "आमेन" म्हणे; तो आमचाच एक ख्रिस्ती मित्र होता, असे काका म्हणाले. मग सगळे जण मिळून भजी खात. हळूहळू सारे संगणकावर गेले. आकारणीही आता चेहराविरहित झाली आहे; २०१९ पासून ती पद्धत सुरू झाली. कोणत्या शहरातील कोणता अधिकारी कागद पाहतो, हे करदात्याला कळत नाही. "चांगलंच आहे ते," काका म्हणाले. "खिडकीखालून देणं-घेणं थांबलं. पण रांग गेली, आणि रांगेबरोबर माणसं गेली. ७ जून २०२१ ला नवं संकेतस्थळ सुरू झालं. पहिले काही महिने ते चालता चालत नव्हतं. लॉकडाउनचे दिवस. मी घरी एकटा. बायको आदल्या वर्षी गेलेली. रात्री दोन वाजता पडद्यावर ते चाक फिरतंय, फिरतंय. आणि फादर, मला त्याचं हसू येईना. तेव्हा मी घाबरलो. दुसऱ्या महिन्यात इथं येऊन साहेबांना म्हटलं, मला पगार नको, एक टेबल द्या. काम काय, एकट्यालाही करता येतं. एकट्याला हसता येत नाही."

मी गप्प राहिलो. काकांनी चहाचा घोट घेतला आणि विषय बदलला.

"तुमच्या लोकांच्या आडनावातल्या त्या अपॉस्ट्रॉफीनं मात्र आमचे उरलेले केस पांढरे केले."

आपल्या वाचकांना हे दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही. वसईतील कितीतरी आडनावांचा आरंभ 'डि'ने होतो आणि इंग्रजीत लिहिताना त्यानंतर वरच्या बाजूला एक शेपटीवाले टिंब येते. कोठे ते टिंब असते, कोठे त्याच्या जागी मोकळी जागा असते, कोठे दोन्ही गायब होऊन अक्षरे एकमेकांना चिकटलेली असतात. आधार कार्डावर एक, पॅन कार्डावर दुसरे, बँकेत तिसरे. जोवर कागद माणसे वाचत होती, तोवर अडले नाही. यंत्र वाचू लागले आणि एका माणसाची तीन माणसे झाली.

काका सांगू लागले. पॅन आणि आधार जोडण्याची अखेरची तारीख ३० जून २०२३ होती. ज्यांची जोडणी झाली नाही, त्यांचे पॅन १ जुलैपासून निष्क्रिय झाले. अशांतले एक गृहस्थ, एस.टी.तून निवृत्त झालेले, या कार्यालयात आले. आयुष्यभराची पुंजी मुदत ठेवीत. पॅन निष्क्रिय, म्हणून व्याजातून वीस टक्के कर कापला जाऊ लागला. कापू नये म्हणून ज्येष्ठांनी भरून द्यायचा १५ एच नमुनाही चालेना. आणि कापलेल्या रकमेचा परतावाही मिळेना. सारे अडले होते त्या एका टिंबावर. "सहा महिने आम्ही त्या टिंबाच्या मागे होतो," काका म्हणाले. "पोरांनी फळ्यावर त्याचं चित्र काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'यांना कोणी पाहिले आहे काय?' रोज सकाळी आलं, की त्याला नमस्कार करायचे. अर्ज केला, फेटाळला. फी भरली, पुन्हा फेटाळला. प्रत्येक वेळी एक नवा विनोद. गृहस्थही समोर बसून हसायचे. एकदा म्हणाले, 'साहेब, एवढ्या वर्षांत मी एस.टी.ला अपघात केला नाही, आणि या टिंबानं मला दरीत घातलं.' अखेर जोडणी झाली, त्या दिवशी त्यांनीच पेढे आणले. फी म्हणाल, तर साहेबांनी एक रुपया घेतला नाही."

काकांचे बोलणे संपले होते. माझ्या हातातील पेला तसाच राहिला होता. कारण ते गृहस्थ कोण, हे मला ठाऊक होते.

ते माझ्याच धर्मग्रामातील. त्याच सहा महिन्यांत ते माझ्याकडेही येत होते. मूळ आडनाव कसे लिहिले जात होते, हे प्रतिज्ञापत्रात दाखवण्यासाठी त्यांना स्नानसंस्काराचा दाखला हवा होता. आमच्या कार्यालयातून दाखला दिला गेला. आठ दिवसांनी ते परत आले: "फादर, यात ते टिंब नाही." पुन्हा दाखला टंकलिखित झाला, मी सही केली. ते पुन्हा आले: "फादर, अजून नाही." तिसऱ्या वेळी मी, सही करता करता, थोडे त्रासून म्हणालो, की देवाच्या दरबारात टिंब विचारत नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या सणाची मेजवानी होती. शेजारच्या धर्मग्रामांतील दहा-बारा धर्मगुरू जमले होते. वाचकहो, आम्हा धर्मगुरूंचीही एक पंगत असते आणि त्या पंगतीलाही हसण्याची फार गरज असते. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले आमच्याबरोबर थडग्यात जाते. त्याला कोणी स्पर्श करीत नाही. पण वऱ्हाडाच्या आग्रहाखातर तासभर उशिरा आलेली नवरी, ध्वनिक्षेपकाशी झुंजणारे वाचक, मिस्साचे उद्देश कळवताना सात पिढ्यांची यादी देणारे भाविक, या गोष्टी निघतातच. त्या रात्री माझी पाळी आली आणि मी त्या गृहस्थांची नक्कल केली. टोपी हातात घेऊन दारात उभे राहणे, खाकरणे आणि तो सूर: "फादर, यात ते टिंब नाही." नक्कल मला बरी जमते. पंगत हसून लोटपोट झाली. तेवढ्यात माझ्या उजव्या हाताला भाताचे पातेले घेऊन उभी असलेली बाई मला दिसली. वाढायला आलेल्या स्त्रियांमध्ये त्या गृहस्थांची सून होती.

तिने भात वाढला. पुढच्या पानाकडे गेली. काहीच बोलली नाही. ते गृहस्थ त्यानंतर माझ्या कार्यालयात आले नाहीत. रविवारच्या मिस्साला येत, मागच्या दाराने येत आणि मागच्या दाराने जात. मी मनाला समजावले, की त्यांचे काम झाले असेल.

काम झालेच होते. पण ते माझ्यामुळे नव्हे, या कार्यालयातील मंडळींमुळे झाले होते. तेथेही त्यांच्या टिंबावर विनोद झाले होते, माझ्या पंगतीपेक्षा कितीतरी अधिक झाले होते. मग फरक काय? त्या बाकावर बसून मी हा हिशेब मांडू लागलो. ही मुले हसली आणि हसून झाल्यावर पुन्हा अर्ज भरायला बसली. विनोदाच्या केंद्रस्थानी असलेला माणूस त्यांच्यासमोर बसलेला होता आणि त्याचाही त्या हशात वाटा होता. ओझे सगळ्यांच्या खांद्यावर होते आणि हसण्याने ते उचलणे सोपे झाले होते. मी मात्र हसलो आणि माझ्या वाट्याचे ओझे खाली ठेवून दिले. तो माणूस माझ्या पंगतीत नव्हता. त्याची सून भात वाढत होती.

मला 'फादर केस' म्हणणाऱ्या त्या मुलीवर रुसण्याचा काय अधिकार होता? ती तर संध्याकाळी घरोघरी गेली होती.

त्याच मुलीने थोड्या वेळाने मला आणखी एका गोष्टीची आठवण करून दिली. "फादर, काल २१ सप्टेंबर होता. आमच्या संताचा दिवस!" संत मत्तय हा हिशेबनीसांचा आणि करखात्यातील लोकांचा आश्रयदाता संत. पण त्या वर्षी २१ सप्टेंबर रविवारी आला आणि सामान्यकाळातील पंचविसाव्या रविवारच्या उपासनेने संताचा सण झाकला गेला. त्या रविवारचे शुभवर्तमान होते लूकच्या सोळाव्या अध्यायातील: धन्याच्या कुळांना बोलावून त्यांच्या कर्जाचे आकडे कमी करून लिहायला लावणारा कारभारी! ती म्हणाली, "सगळ्या वर्षात नेमका आमच्या संताचा दिवस रद्द झाला आणि त्याच्या जागी बोगस कागद करणारा आला. ऑडिटच्या महिन्यात!" सगळे हसले, तिला त्यांना ती बोधकथा सांगावी लागली आणि मग ते पुन्हा हसले. काका म्हणाले, "शंभराचे पन्नास केले? पण कागद त्यांच्याच हातानं लिहून घेतला ना? हुशार माणूस."

मत्तयाचा विचार करीत मी परत निघालो. सेमिनरीच्या वाचनालयातील एका जाड पुस्तकात मी प्रथम काराव्हाज्जोचे ते चित्र पाहिले होते. १५९९-१६०० च्या सुमारास रोममधील फ्रेंचांच्या संत लुईस मंदिरासाठी काढलेले, मत्तयाच्या पाचारणाचे. तेव्हा माझे लक्ष केवळ प्रभूच्या पुढे केलेल्या हाताकडे गेले होते. पण त्या चित्रात जकातदार एकटा नाही. मेजाभोवती पाच जण आहेत. तरुण आहेत, म्हातारा आहे. नाण्यांवरून नजर न काढणाराही आहे. मत्तयाला बोलावणे आले, ते त्याच्या सोबत्यांच्या घोळक्यात असताना आले.

आणि बोलावणे स्वीकारल्यावर त्याने पहिले काम कोणते केले? लूक सांगतो, त्याने घरी मोठी मेजवानी दिली. तिला कोण आले? दुसरे जकातदार. दुसरे येणार तरी कोण? कफर्णहूमच्या नाक्यावर बसून हेरोदाच्या अमलाखाली जकात घेणाऱ्या माणसाला गावात कोणी शेजारी बसवून घेत नसे. त्यांची संगत त्यांच्यापुरती. त्या मेजावर काय बोलणे झाले, हे शुभवर्तमानकार सांगत नाहीत. पण आयुष्यभर एकाच धंद्यातील शिव्याशाप खाल्लेली माणसे एका पंगतीला बसली, तर ती काय बोलणार? मासळीची टोपली झग्याखाली लपवून नाक्यावरून नेणारा कोळी, गाढवाच्या खोगिरात लपवलेला माल, वरच्या अधिकाऱ्याचा लहरी स्वभाव, हेच. परूशांनी शिष्यांना विचारले, तुमचा गुरू असल्यांबरोबर का जेवतो? मला वाटते, त्यांना केवळ जेवण खुपले नसेल. बाहेर ऐकू येणारे हसणेही खुपले असेल. आणि प्रभू त्या हसण्यातून उठून गेला नाही. तो तेथे बसून राहिला. ज्यांची टवाळी साऱ्या गावात होत होती, त्यांच्या बाजूला बसून.

माझ्या पंगतीला तो बसला असता का? त्या रात्री भाताचे पातेले घेऊन उभी राहिलेली बाई मला वारंवार आठवत राहिली.

२५ सप्टेंबरला लेखापरीक्षणाची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवल्याचे जाहीर झाले. लेखापरीक्षकांच्या कार्यालयात त्या दिवशी काय झाले असेल, याची कल्पना करून मी हसलो. आणि मिळालेल्या मुदतीचा उपयोग करायचे ठरवले. प्रथम मी स्नानसंस्काराची जुनी नोंदवही काढली. १९४८ सालचे पान, पिवळे पडलेले, लॅटिन नोंद, तपकिरी शाई. भिंग घेऊन पाहिले. आडनावातील 'डि' या अक्षरानंतर, वरच्या बाजूला, ते टिंब होते. बारीक, पण स्पष्ट. तीन दाखल्यांवर मी सही केली होती आणि तिन्ही वेळा नोंदवही उघडली नव्हती. लिपिकाने आधीच्या दाखल्यावरून नकलून टंकलिखित केले, मी सही ठोकली. आणि चूक ज्याची नव्हती, त्याची नक्कल केली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून टोमॅटोची रोपे कुंडीत लावत होते. सून दारात आली, माझ्याकडे पाहिले आणि पाणी आणायला आत गेली. मी नवा दाखला त्यांच्या हातात दिला आणि जे सांगायचे होते, ते सांगितले. पंगतीचे आणि नोंदवहीचेही. सून पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबून ऐकत होती, हे मला ठाऊक होते. तिलाही ते ऐकायला हवे होते.

त्यांनी चष्मा लावला. दाखला उजेडात धरला. बराच वेळ पाहिला.

"फादर," ते खाकरून म्हणाले, "टिंब आलं. पण तारीख चुकलीय."

मी कागद जवळजवळ हिसकावून घेतला. तारीख बरोबर होती. वर पाहिले, तर ते हसत होते. मागे सून पदर तोंडाला लावून हसत होती. मग मीही हसलो. आणि बऱ्याच दिवसांनी असे हसलो, की हसल्यानंतर कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायची भीती वाटली नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस हिशेबावर सही करायला मी पुन्हा तो जिना चढलो. या खेपेस माझी गोष्ट मीच त्यांना सांगितली, नक्कल मात्र या वेळी माझी स्वतःची केली: नोंदवही न उघडता सही करणारा धर्मगुरू. काका इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आता त्या कार्यालयात मूळ कागद न पाहता सही करणाऱ्या प्रत्येकाला 'फादर केस, नंबर दोन' म्हणतात, असे आमची ती मुलगी सांगते.

२०२६ सालचा २१ सप्टेंबर सोमवारी येतो. म्हणजे संत मत्तयाला त्याचा दिवस परत मिळतो. त्या दिवशीच्या मिस्साचा उद्देश मी वहीत आधीच लिहून ठेवला आहे: हिशेबनीस, कर-सल्लागार आणि त्यांची आर्टिकल मुले यांच्यासाठी. त्यांतील बहुतेक हिंदू आहेत. मत्तय त्याची चौकशी करणार नाही. आडनावातील टिंबाचीही करणार नाही. ती काळजी माझ्या कार्यालयाने करायची आहे.